गप्प माणसाची खुर्ची

टायरच्या दुकानावरच्या त्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. ती वयानं सगळ्यांत मोठी, म्हणून पदही सगळ्यांत मोठं: आयुक्तबाई. थट्टाच ती, पण रोज ऐकून थट्टेचाही आधार वाटायला लागतो. वकील आपली वकिली सोडून आलेला. चष्म्याला कोणतं पद हवं तेच ठरवता आलेलं नव्हतं, म्हणून तो नुसता चष्मा.

तिघंही लेखी परीक्षा पास झाली होती. उरली होती मुलाखत. तिचा हा शेवटचा प्रयत्न. हा हुकला की वय उलटलं, संपलं. घरी आईला धड दिसत नव्हतं. धाकट्या बहिणीलाही हीच परीक्षा द्यायची होती, पण आईजवळ कुणीतरी हवंच. "तू हो पुढं ताई, मी थांबते," धाकटी म्हणाली, आणि थांबली ती थांबलीच. ही परीक्षा माणसांची उमेदीची वर्षं गिळते आणि साधा ढेकरही देत नाही. वर सगळे म्हणतात, जिद्द ठेवा. ठेवा तुमच्या कपाळावर!

दुपारी मागच्या अडगळीच्या खोलीत मुलाखतीचा सराव चाले. एकानं उमेदवार व्हायचं, एकानं साहेब, आणि तिसऱ्यानं खऱ्यासारखं दाराबाहेर थांबायचं. साहेबाशेजारी आणखी एक खुर्ची रिकामी ठेवायची, ही वकिलाची अक्कल. "मुलाखत मंडळात एक जण शेवटपर्यंत गप्प बसतो," तो सांगायचा. "मार्क त्याच्याच हातात असतात. उत्तर देताना त्याच्याकडेही बघायची सवय पाहिजे."

म्हणून ती रिकाम्या खुर्चीकडेही बघून बोलू लागली. पाणीटंचाईवर बोलली, भ्रष्टाचारावर बोलली. सुरुवातीला हसू यायचं. मग हसू यायचं थांबलं.

एके दिवशी बोलता बोलता ती अडखळली. "माफ करा सर, प्रश्न पुन्हा विचाराल?"

"कुठला प्रश्न?" वकील म्हणाला. "मी तर तोंडही उघडलं नाही, बाई."

"बाहेर कोण थांबलंय, असं नाही विचारलंस?"

"बाहेर चष्मा थांबलाय. झोप नीट काढ, नाहीतर मुलाखतीत गाणं म्हणशील."

ती हसली. पण आवाज त्याचा नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो मऊ होता, दमलेला होता, सकाळपासून माणसं तपासून कंटाळलेल्या माणसाचा असतो तसा. तिनं जाऊन खुर्चीवर हात ठेवला. रेक्झीन कोमट होतं. खिडकीतून ऊन येत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. त्या खोलीला खिडकी नव्हती.

पुढच्या आठवड्यात वकील उमेदवार झाला आणि ती साहेब. चष्मा बाहेर थांबला. दाराच्या फटीतून त्याच्या चपला दिसत होत्या. वकील ऐटीत बोलत होता. मध्येच थांबला. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून अदबीनं म्हणाला, "कोणी नाही, सर."

"वकील, हे काय?"

"तुझी नक्कल केली गं. घाबरलीस ना?" तो हसला. कपाळावर मात्र घाम होता.

तिनं दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं.

"चहाला गेला असेल चष्मा," ती म्हणाली.

"कोण चष्मा?" वकील म्हणाला.

एकदा, दोनदा तिनं त्याला झापलं. थट्टेला काही हद्द असते. तो तोंडाकडे बघत राहिला. चष्म्याच्या टेबलावर दुसरंच कुणी वाचत बसलं होतं, आणि ही जागा पहिल्यापासून माझीच, म्हणालं. तिनं फार चौकशी केली नाही. या धंद्यात माणसं अशीच गळतात. कुणी गावाकडे जातं, कुणी नोकरी धरतं, आणि मागे राहिलेल्यांना त्यांची आठवण काढायला सवड नसते. शिवाय मुलाखत तोंडावर आली होती. असं म्हणून तिनं पुस्तक उघडलं.

मुलाखतीला धाकटी सोबत आली. आईजवळ शेजारच्या काकू बसल्या. त्यांच्याच मुलीचा कोट मागून आणला होता, तो ताईला ढगळ होत होता. धाकटीनं पाठीवर मधोमध चिमटीत कापड धरून पिना टोचल्या. "सरळ बस, नाहीतर टोचेल. साहेबीण दिसतेस अगदी!" मग ताईनं बूट घालताना काढलेल्या रोजच्या चपला बाकाखाली ठेवल्या आणि बाकावर बसली. "जा तू. मी इथंच आहे."

आत लांब टेबल. मंडळातली माणसं रांगेत बसलेली. टोकाची खुर्ची रिकामी.

उत्तरं चांगली गेली. अध्यक्ष मान डोलावत होते. सवयीनं तिची नजर टोकाला गेली.

"बाहेर कोण थांबलंय?"

तोच आवाज. मऊ, दमलेला.

तिला दाराच्या फटीतल्या चपला आठवल्या. रेक्झीनचा कोमटपणा आठवला. तिला सगळं आठवलं.

अध्यक्ष पेन उघडून थांबले होते. सगळेच थांबले होते.

घरचं गाऱ्हाणं आत आणायचं नाही, असं वकिलानं पढवलं होतं. हा शेवटचा प्रयत्न होता.

"कोणी नाही, सर," ती म्हणाली. "एकटीच आलेय."

सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या आणि लिहिलं.

बाहेर बाक रिकामा होता. खाली तिच्या स्वतःच्या रोजच्या चपला जोडून ठेवलेल्या.

"बहीण?" दारावरचा शिपाई म्हणाला. "मॅडम, तुम्ही एकट्याच आलात."

तिनं घरी फोन लावला. "आई, धाकटी..."

"कोण धाकटी?" आई म्हणाली. "तुझ्याशिवाय मला आहे कोण, पोरी? कशी झाली मुलाखत?"

तिनं बाकाखालच्या चपला उचलल्या.

"चांगली झाली," ती म्हणाली.

ती पास झाली. आता तिला पाहून माणसं खरंच बाई म्हणत उठून उभी राहतात. कोट तिनं परत केला नाही. कधी दार लावून ती तो अंगात घालते, हात मागं वळवते, वरून, मग खालून.

पिना अजून तशाच आहेत. हात तिथपर्यंत पोचत नाही.