एका ओळीसाठी उरलापर्यंत

रायपूरजवळच्या उरलाच्या रोलिंग मिलच्या फाटकाशी देवश्री उतरली, तेव्हा एक ट्रक इतकी धूळ उडवत गेला की तिला समोरचं काही दिसेना. ती डोळे चोळणार तोच कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली.

“चोळू नका, मॅडम... धुवा.”

तो यशदीप, मिलच्या कंट्रोल रूमचा इंजिनिअर. ओळख झाली ती अशी.

देवश्री नवा रायपुरातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत होती. भट्टीचं यंत्र दिवसभर मजकुराच्या ओळी पाठवायचं आणि तिनं लिहिलेला स्कॅनर प्रोग्राम त्यातला शब्द न् शब्द वेगळा करायचा – हे सळईचं नाव, हे तापमान. सापडलेला शब्द प्रोग्राममधल्या ‘वायवायटेक्स्ट’ नावाच्या जागेत मिळायचा, त्याची लांबी ‘वायवायलेंग’मध्ये.

“तुमचं सगळंच वायवाय काहून असते हो?” यशदीपनं विचारलं होतं.

“नावं मी नाही ठेवली,” ती म्हणाली, आणि हसू लपवायला पडद्याकडे वळली.

पण त्या पडद्यावर प्रत्येक नावाला पुढच्या आकड्यांचं शेपूट चिकटून यायचं. ते सोडवायला ती पुन्हा पुन्हा येत राहिली. ती येणार असली की खुर्ची आधीच पंख्याखाली सरकवलेली असे... कुणी सरकवली, हे तिनं कधी विचारलं नाही. बोलता बोलता त्यानं सांगितलं, वडील रेल्वेत आहेत, आजी भीमाबाई मूळची नागपूरची, आता त्यांच्याकडेच असते, घरी रोज बुद्धवंदना होते. तिनं रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या आपल्या घराबद्दल सांगितलं, आणि वडिलांबद्दल, नानांबद्दल. नानांना सोयरीक जातीतलीच हवी होती. त्या दिवशी दोघांचेही चहा तसेच राहिले.

मग एका रविवारी घरीच तिला चूक सापडली. वायवायटेक्स्टमधला शब्द पुढचा शब्द येईपर्यंतच टिकतो. तो उतरवून घ्यायचा सोडून तिनं नुसती त्याची जागा लक्षात ठेवली होती. एका ओळीची दुरुस्ती. मेलनं धाडली की काम संपलं – आणि उरलाला जायचं कारणही.

सोमवारी ती बस बदलत उरलाला पोचली.

यशदीपनं ती ओळ वाचली. पडद्यावर नावं स्वच्छ उतरू लागली, तसा तो खुर्ची फिरवून तिच्याकडे वळला.

“हे तं मेलनं पाठवता आलं असतं,” तो म्हणाला. ‘मॅडम’ तो विसरलाच. “मंग तू आली काहून?”

“तुले भेटायला. काम झालं, आता निमित्त उरलं नाही.” तिनं नजर हलवली नाही. “मले तुझ्याशी लग्न करायचं आहे, यशदीप.”

खाली भट्टीतून लालभडक सळई निघाली. तो तिकडे पाहत राहिला. “पण... नाना?”

“काल रात्री सांगितलं. ताटावरून उठून गेले. अजून बोलले नाहीत.”

“मले विचारायच्या आधीच सांगून बसली? अन् मी नाही म्हटलं असतं तं?”

“तर आज संध्याकाळी तेही सांगितलं असतं.”

यशदीप खो खो हसला, मग एकदम गंभीर झाला. खुंटीवरची मोटरसायकलची दोन्ही हेल्मेटं त्यानं काढली आणि त्यातलं एक तिच्या हातात ठेवलं.

“अर्धी सुट्टी टाकतो. आधी आजीले भेट. मंग नानांकडे जाऊ... दोघंही.”

“हव,” देवश्री म्हणाली, आणि हेल्मेटचा पट्टा घट्ट ओढला.