बिननावाची सॉकेटं

"आधी साचा उचला, मग भांडा!" चिंगी ओरडली.

"उचला म्हणे! धोंडा आहे नुसता!" भोपळ्या, तिचा मावसभाऊ, करवादला. तरी त्याने तो लोखंडी साचा टेबलावरून पोत्यात ढकललाच.

उद्या सकाळी भंगारवाला येणार होता. हा साचा, कोपऱ्यातलं लेथ, मावशीआजीच्या वर्कशॉपमधलं सगळंच तो उचलून नेणार होता. आणि कशामुळे? तर काचेच्या कपाटातल्या एका कार्डामुळे!

मावशीआजी ही चिंगीच्या आईची मावशी, लेथच्या यंत्रावर धातू कातणारी टर्नर. सुट्टीला आलेल्या पोरांना तिने काल हौसेने जुन्या हत्यारांच्या प्रदर्शनाला नेलं. तिथे कपाटात सॉकेटं मांडलेली होती. नटावर टोपीसारखी बसवून दांड्याने फिरवायची, ती जाडजूड पोलादी सॉकेटं. एकावरही कुणाचं नाव नव्हतं, पण कार्डावर लिहिलं होतं, 'निर्माता : परदेशी कारखाना'.

"अहो, ही तर मी केलीत, बस डेपोसाठी!" मावशीआजी म्हणाली. "नाव ठोकत बसायला तेव्हा फुरसत कुणाला होती?"

प्रदर्शनाचे साहेब चारचौघांत हसले. "आजीबाई, इतकं नेटकं काम घरच्या शेडमध्ये होत नसतं. वय झालं की असा गोंधळ होतो."

लोकही हसले. मावशीआजी मुकाट्याने घरी आली आणि तिने भंगारवाल्याला फोन लावला. "मी खोटी ठरले. आता ते लेथ ठेवून काय त्याची पूजा करू?"

चिंगीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. पण संतापातही तिने एक गोष्ट हेरली होती. प्रत्येक सॉकेटच्या अंगाला एक भोक होतं आणि त्या भोकाशेजारी नख रुतल्यासारखी बारीक चंद्रकोर!

आज सकाळी शेजारची मैत्रीण वर्कशॉपमध्ये आली. सतत प्रश्न विचारते म्हणून तिला सगळे 'चौकशी' म्हणत.

"हे काय? ह्याला स्क्रू कशाला? आणि त्याचं टोक तुटकं का?"

"भोक पाडताना सॉकेट हलू नये म्हणून साच्यात आवळायचा स्क्रू आहे तो..." सांगता सांगता चिंगी थबकली. तिने धावत जाऊन साबणाची वडी आणली, साच्यात धरली आणि स्क्रू आवळला. साबणावर चंद्रकोर उमटली!

"चला, साहेबांना सांगू या!" भोपळ्या म्हणाला.

"सांगून ऐकणारे असते, तर कालच ऐकलं असतं. त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं!"

पोतं ओढत तिघं प्रदर्शनात पोचली, तेव्हा साहेब पाहुण्यांना माहिती देत होते. काल त्यांनी पोरांकडे पाहिलंही नव्हतं. भोपळ्या अगदी गरीब गाईसारखा चेहरा करून पुढे झाला.

"सर, ही भोकं नेमक्या जागी कशी पाडतात हो? हा जुना साचा मिळालाय, पण आम्हा पोरांना काय कळणार!"

साहेब फुलले. स्वतःच कपाट उघडून त्यांनी एक सॉकेट साच्यात ठेवलं. खट्ट! साच्याच्या भोकाखाली सॉकेटचं भोक आलं. दुसरं ठेवलं. तेही बसलं!

"आणि हा स्क्रू, सर?" चौकशीने विचारलं.

त्यांनी स्क्रू आवळला. तुटकं टोक अलगद चंद्रकोरीत जाऊन बसलं. "वा! सगळी सॉकेटं ह्याच साच्यातून निघालीत! शंभर टक्के!"

"सगळ्यांनी ऐकलं ना?" चिंगी कडाडली. "हा साचा आमच्या मावशीआजीचा आहे! काल तुम्ही जिला हसलात, तिचा!"

साहेब गोरेमोरे झाले. "साचा... विकतही आणला असेल तिने."

"मग या की घरी! तिला समोर एक करायला लावा! का भीती वाटते?"

आता पाहुणेच निघाले म्हटल्यावर साहेब मागे कसे राहणार?

दारातली गर्दी पाहून मावशीआजीने डोळे वटारले. "न विचारता साचा पळवलात?"

"हो, पळवला! आणि सॉरी म्हणणार नाही!" चिंगी पुढे होऊन म्हणाली. "तू खोटी नाहीस, तर गप्प का बसलीस?"

मावशीआजीने पदर खोचला. "माझा चष्मा आण."

लेथ घरघरलं. पोलादाचे चकचकीत कुरळे कीस खाली पडू लागले. बघता बघता बाहेरचा आकार उतरला. मग साचा, स्क्रू, भोक! मावशीआजीने तो गरम तुकडा साहेबांनी सोबत आणलेल्या सॉकेटशेजारी ठेवला. तीच गोलाई, तेच भोक, तीच चंद्रकोर.

"षटकोनी खाच पाडायला वेळ लागेल. थांबताय?"

"नको, आजी. चुकलो मी," साहेब खाली मान घालून म्हणाले. "नवं कार्ड आजच लावतो."

"शाब्बास रे पोरांनो!" एक पाहुण्या बाई म्हणाल्या. मावशीआजीने तिघांनाही तेलकट हातांनी जवळ ओढलं. "तुमच्या वयात मीही हेच केलं असतं. भोपळ्या, भंगारवाल्याला सांग, येऊ नकोस म्हणावं!"

मग ती साहेबांकडे वळली.

"माझं पूर्ण नाव लिहा. आणि पुढे आजीबिजी काही नको. टर्नर लिहा!"