लाल टोपणाची नळी

"अकराला आईचा गुडघा उघडणार हायेत, ताई. आन् आई तर चालतीया की!"

सांगोल्याचा मानसिंग दारातूनच बोलला. खासगी तपास करणाऱ्या भुवनेश्वरीने घड्याळ पाहिलं. साडेनऊ. तिचा मदतनीस आदिनाथ चपला शोधेपर्यंत ती जीपमध्ये बसलीसुद्धा.

दवाखान्यात रंभाबाई सात नंबरच्या खाटेवर होत्या. त्यांच्या धातूच्या गुडघ्यावर जंतूंचा चिकट थर साचलाय, असा रिपोर्ट होता. आता सांधा काढायचा आणि पुढे कित्येक महिने अंथरूण.

"दुखतंय जरासं, पर ताप न्हाय, सूज न्हाय," रंभाबाई म्हणाल्या. "ह्यो शेजारचा येडू बगा. खुब्यात सांधा बसवलाय, तापानं नुसता फणफणलाय. आन् त्याचा रिपोर्ट साफ!"

आदिनाथचा निकाल लगेच तयार. "कुणीतरी मुद्दाम अदलाबदल केलीय," तो कुजबुजला आणि शरणम्मा सिस्टरकडे संशयाने बघू लागला.

सिस्टर चिडल्या. "सांध्यातलं पाणी मीच पाठवलं. येडूचं लाल टोपणाच्या नळीत, आजींचं निळ्या. बर्फानं लेबलं भिजली, म्हणून लॅबमधून नरसय्याकाकांचा फोन आला. मी नीट सांगितलं. पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीत वाढले मी, त्यांच्याशी तेलुगूच बोलते."

लॅबमध्ये नरसय्यांनी चमकणारी नळी दाखवली. "थराखाली दडलेले जंतू साध्या तपासणीत सापडत न्हाईत. ही अँटिबॉडी त्या थरालाच चिकटते आन् चमकते. चुकत न्हाई."

"पेशंट ओळखता?" भुवनेश्वरीने विचारलं.

"छे! नावं सिस्टरला पाठ. आमाला खाटेचा नंबर."

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. "येडू गंटलकु वस्ता," म्हणून त्यांनी तो ठेवला आणि ओशाळं हसले. "बायको. सातला येतो म्हटलं."

भुवनेश्वरीने त्यांचा हात धरला आणि चक्क पळत सुटली. आदिनाथला काही उमगलं नव्हतं, तरी तोही मागोमाग धावला.

ऑपरेशनच्या दाराशी तिने स्ट्रेचर अडवलं. अकराला पाच मिनिटं कमी होती.

"सिस्टर, फोनवरचे नेमके शब्द?"

"एर्र टोपी येडूदि. लाल टोपण येडूचं."

"सातचं की!" नरसय्या म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"लबाडी कुणीच केली नाही," भुवनेश्वरी म्हणाली. "तेलुगूत येडू म्हणजे सात. सिस्टरनी नाव सांगितलं, काकांनी खाटेचा नंबर ऐकला. लाल नळी रंभाबाईंच्या नावावर गेली, निळी येडूच्या. अँटिबॉडीने खरंच सांगितलं, पण ते येडूच्या खुब्याबद्दल. ताप कुणाला आहे, बघा ना."

डॉक्टर मल्लिकार्जुनांनी हातमोजे उतरवले. "ऑपरेशन थांबवा. दोघांचं ताजं पाणी काढा."

"रिपोर्ट साफ म्हणून येडूला अर्ध्या तासापूर्वी घरी सोडलंय," शरणम्मा कानाचा फोन खाली घेत म्हणाल्या. "मोडनिंबला. यष्टीनं गेलाय. त्याचा फोन लागत नाही."

जंतू घेऊन माणूस निघाला होता, तोही सांध्यात जंतू नाहीत या समजुतीने.

मानसिंगला त्याचं काहीच नव्हतं. आईचा हात धरून तो ढसाढसा रडत होता. रंभाबाईंनी हात सोडवून घेतला.

"माझ्यापाशी काय बसलायस? जीप काड. त्याला माघारी आन."