फॅक्सचा रकाना

वाचनालयाच्या वळणावर ग्रंथपालबाईंची पुस्तकांनी भरलेली ढकलगाडी थेट कुणाच्या तरी गुडघ्यावर आदळली.

"आई गं... इथे पुस्तकं अशी देतात होय?"

"बघून चालणाऱ्यांना हातात देतो!" ती फणकारली, आणि त्याच्या खांद्यावरची लॅपटॉपची बॅग दिसताच तिनं जीभ चावली. डोळ्यांत प्राण आणून ज्याची वाट पाहत होती, तो प्रोग्रामर हाच!

शनिवारी जुना सर्व्हर कायमचा बंद होणार होता. त्याआधी डेटाबेसमधली प्रत्येक नोंद नव्या सर्व्हरसाठी एक्सएमएल फाइलींत उतरायला हवी, नाहीतर तिची एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. आणि ते काम गोगलगायीलाही लाज वाटेल अशा चालीनं सरकत होतं, अर्ध्यावर धाप लागून कोलमडत होतं.

त्यानं बाह्या दुमडल्या, संगणकाचा पडदा न्याहाळला, आणि गालात हसला.

"तुमचा प्रोग्राम बाजारात जातो, एक मिरची घेऊन घरी येतो, की पुन्हा निघाला दुसरीसाठी! वर सगळी भाजी डोक्यावर घेऊन उभा. शेवटची मिरची येईपर्यंत खाली म्हणून ठेवत नाही."

"मग पिशवी न्यावी की मेल्यानं! आणि आणलं तसं ठेवत जावं."

तो वळून तिच्याकडे बघतच राहिला. "अगदी हेच करणार होतो... तुम्ही आधी बोललात."

मग त्याची बोटं चालू लागली. घाई नाही, मिजास नाही. थोड्या नोंदी उतरवायच्या, मुळाशी ताडून बघायच्या, मग पुढे. "एकही गळायला नको. तुमचे कष्ट आहेत यात," तो सहज म्हणाला. तिच्या कष्टांना कष्ट असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं!

दुपारपर्यंत नोंदी धो धो उतरू लागल्या. तिनं नाचायला हवं होतं, पण तिचे डोळे घड्याळाकडे गेले. काम संपलं, की हा चालला...

"अहो, एक रकाना राहिला! प्रकाशकांचा... फॅक्स नंबर."

त्यानं पडद्यावर तो रकाना शोधला. "हवाच?"

"हवाच!"

"फॅक्स?" काउंटरवरच्या ताईंनी चष्मा खाली घेतला. "कुणाला पाठवणारेस गं, पूर्वजांना?"

त्या रकान्यासाठी तो दुसऱ्या दिवशीही आला, दिवसभर मान खाली घालून बसला. शुक्रवारी त्यानं विचारलं, "आणखी काही?"

बहाणे तिच्या जिभेवर तयार होते. पण उद्या शनिवार, नोंदींचा जीव टांगणीला... तिनं बहाणे गिळले.

"नाही. पाठवून द्या फाइली." आणि मग एका दमात, "तो फॅक्सचा रकाना कुणालाच नको होता."

"ठाऊक आहे. सबंध रिकामा होता."

"अं? मग काल दिवसभर काय करत होतात?"

"रिकामा रकाना... फार काळजीपूर्वक उतरवत होतो." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "जन्मभर सगळं भराभर करत आलो हो. इथे पहिल्यांदाच वाटलं — संपूच नये."

तिच्याच्यानं वर बघवेना.

"उद्या याल?" ती पुटपुटली. "काम काहीच नाहीये..."

"मग तर येणारच!"