नावानं हाक

मितालीनं आईबापाला घराच्या दारात उतरवलं, औषधांची पिशवी आईच्या हातात दिली आणि त्याच गाडीनं ती वाशिंदला परत फिरली. कारखान्यातली रजा कधीच संपली होती. मागं किन्हवलीजवळच्या त्या घरात दोघंच उरली, गुणाबाई आणि तिचा नवरा काळूराम. काळूरामच्या हातात एक मोठी प्लास्टिकची पिशवी होती. ती त्यानं वाटभर कुणाला धरू दिली नव्हती.

त्याच्या तोंडाचं ऑपरेशन झालं होतं. तंबाखूनं डावा गाल खाल्ला आणि अर्धी जीभही. जखम भरल्यावर लाईट घ्यायला, म्हणजे रेडिएशनला, ती दोघं मितालीच्या खोलीवर राहिली. उपचारात डोकं हलू नये म्हणून दवाखान्यात त्याच्या चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेली पांढरी प्लास्टिकची जाळी दाबून बसवली होती. गार होऊन कडक झाल्यावर ती हुबेहूब त्याच्या तोंडवळ्याची झाली. रोज ती चढवायची, टेबलाला खटाखट अडकवायची, आणि जाड दाराआड त्याला एकट्याला ठेवून सगळे बाहेर यायचे. पुढं तो इतका वाळला की जाळी ढिली पडली आणि नवी करावी लागली. जुनी फेकायला नेऊ लागले तेव्हा काळूराम ती छातीशी धरून बसला.

गुणाबाईला त्याचं कारण ठाऊक होतं. काळूरामच्या घराण्याकडं बोहाड्यात, म्हणजे गावच्या सोंगांच्या उत्सवात, वेताळाचं सोंग होतं. मुखवट्यांची मिरवणूक निघायची तेव्हा वेताळाचा मुखवटा काळूरामच चढवायचा. एकदा तोंडावर चढलेला मुखवटा त्या घरात कुणी फेकत नसे. आणखीही एक रीत होती. मुखवटा उतरवण्याआधी घरातल्या कुणीतरी सोंग घेतलेल्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायची. त्यानं ‘ओ’ दिली की मगच मुखवट्याला हात लावायचा. सासू म्हणायची, ‘मुखवट्यात गेलेला मानूस नावाबिगर मागं येत नाय गो.’

घरी आल्यापासून काळूराम भिंतीकडं तोंड करून बसायचा. पेज गाळून दिली तर गिळायचा, नाही दिली तर मागायचा नाही. घरचा कुत्रा त्याच्या पायाशी आला, हुंगून जो गेला तो पडवीत परत चढलाच नाही. डॉक्टर म्हणाले होते, थकवा आहे, हळूहळू बोलतील. थकवा गुणाबाईला कळत होता, जन्मभर तिनं दुसरं काय पाहिलं होतं? पण हा थकवा नव्हता. माणूस अंथरुणावर होता आणि घरात नव्हता.

एका दिवेलागणीला तिनं न राहवून विचारलं, “आवो... तिकडं जाली काढायच्या आधी तुमाला नावानं हाक कोन मारायचा?”

त्यानं मान हलवली. कुणीच नाही.

दवाखान्यातली पोरं मायाळू होती. पण ‘चला काका, झालं, उठा’ यापलीकडं कुणी काही म्हटल्याचं तिला आठवेना. आणि आता हाक मारणार कोण? सासू गेली, थोरला दीर गेला. राहिली ती. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तिनं लग्नाआधीपासून ऐकलेलं. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिच्या ओठांवर कधी आलं नव्हतं. पण अर्ध्या माणसाचं आयुष्य वाढून तरी करायचं काय?

तिनं त्याला पाटावर बसवलं, दिवा जवळ घेतला आणि पिशवीतली जुनी जाळी त्याच्या तोंडावर चढवली. ढिली म्हणून टाकलेली ती जाळी चपखल बसली. भोकाभोकांतून गालाचं मांस वर आलं. एवढं मांस त्याच्या अंगावर राहिलंच नव्हतं. आतून श्वास येत होता, संथ, आणि त्याला बंद खोलीसारखा कुबट वास होता.

गुणाबाईनं तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं आणि तिथंच अडलं. सारा जन्म अडलं तसंच.

“आवो...” तिच्या तोंडून निघालं. “आवो, या ना...”

“ओ.”

आवाज खणखणीत होता. ऑपरेशनाआधीचा, शेताच्या या बांधावरून त्या बांधाला जाणारा. गुणाबाईला रडू फुटलं. तिनं घाईघाईनं जाळी उतरवून मांडीवर घेतली. खाली तोच चेहरा होता, वाळलेला, गळ्याची कातडी काळी पडलेली. पण डोळे तिच्याकडं बघत होते.

“भूक लागली,” तो म्हणाला. “काय हाय?”

“पेज देते...”

“पेज नको. तिखट आन.”

सकाळचं सुक्या बोंबलाचं कालवण तिनं भीतभीतच वाढलं. ज्याला पाण्याचा घोटसुद्धा जाळत होता, तो माणूस भाकरी मोडून दोन्ही गालांनी चावू लागला. गुणाबाई पदरानं डोळे पुसत बघत राहिली. देवा, पावलास, असं ती म्हणणार होती.

“दिवा इझव,” तो खाता खाता म्हणाला.

तिचा पदर तसाच डोळ्यांपाशी राहिला. आपण नाव घेतलंच नाही, हे तिच्या आता ध्यानात आलं. ‘आवो’ काय, कुणालाही म्हणतात. त्या हाकेला कुणीही ओ देईल.

“इझव म्हनतो ना...”

दिव्याकडं न जाता तिनं मांडीवरची जाळी दोन्ही हातांनी धरली. या खेपेला नाव बाहेर पडलं.

“काळूराम...”

ताटावरच्यानं मान वर केली नाही. तो चावत राहिला.

तिच्या तळहातांखाली जाळी ऊन झाली. भोकांतून ओलसर वाफ आली आणि वाफेपाठोपाठ जाळीतूनच एक आवाज, फाटका, अर्ध्या जिभेचा, कापलेल्या गालातून वारा सुटणारा.

“ओ... ओ...”

तेव्हा ताटावरचा हात थांबला.