सात नंबरची पट्टी

दार लोटून घ्या. कडी नको, नुसतं लोटा. आणि तो मोबाइल उलटा ठेव रे. समोर माणूस बोलतोय तर त्याच्या तोंडाकडे बघावं. उद्या पेशंटसमोरही असाच मान खाली घालून बसणार आहेस का?

झोप येत नाही म्हणता ना, मग ऐका. पण करमणूक म्हणून सांगत नाहीये. आज दुपारी तुमच्या सगळ्यांच्या वह्या तपासल्या मी. एका शहाण्याने एकाच माणसाचा ईसीजी दोन नावांनी चिकटवलाय. कोणी ते मला कळलंय, आणि त्याचे कान आत्ता लाल झालेत तेही मला दिसतंय. तीस वर्षं पट्ट्या काढल्यात मी. माणसाचं तोंड विसरेन, पट्टी नाही विसरत. ओरडणार नाही. माझ्या सख्ख्या भाच्याची हकीकत सांगणार आहे, म्हणजे मामा थापा मारतोय म्हणायची सोय राहणार नाही.

भाच्याला सगळे मास्तर म्हणायचे. गणिताची शिकवणी घ्यायचा. शिकवणी बसली, जागेचा मालक म्हणाला खोली सोडा, आणि चौतिसाव्या वर्षी हा गडी बायको आणि चार वर्षांची पोर घेऊन सासऱ्याकडे राहायला गेला. जिन्याखालची खोली. सासऱ्याच्या जिभेला हाड म्हणून नाही. मास्तरने तुमचाच हा कोर्स धरला, रक्त काढायचं, ईसीजी काढायचा, पेशंटचं हवं-नको बघायचं, तर भर पंगतीत म्हातारा म्हणाला, "जावईबापू, माझं रक्त रोज पिताच आहात, आता लोकांचं काढायला शिका." बायकोचा घास हातातच राहिला. त्या रात्री मास्तर तिला म्हणाला, "सहा महिने कळ काढ. सर्टिफिकेट हातात आलं की नोकरी ठरलेली आहे. दोन खोल्या घेऊ आणि तुझ्या बापाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही." बाईने ते शब्द गाठ मारून ठेवले. रोज सकाळी विचारायची, किती झाले?

किती झाले म्हणजे शिरा किती झाल्या. शिकवणाऱ्या बाईचा नियम होता, शंभर शिरा आणि पंचवीस ईसीजी, प्रत्येकासमोर खाटेचा नंबर. मुलं तिला तोफ म्हणायची. "नव्याण्णव म्हणजे माझ्याकडे शून्य," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. तिचा दुसरा नियम तुम्हाला मीही घोकून घेतलाय. पेशंटला नाव सांगायचं नाही, विचारायचं. 'तुम्ही अमुकच ना' म्हटलं की अर्धवट झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. पूर्ण नाव आणि वय त्याच्या तोंडून आलं पाहिजे, मगच हात लावायचा.

मास्तरला नियम सगळे पाठ, पण हात जड. वर्षानुवर्षं खडू दाबून लिहिलेला हात तो. शीर दिसायची, बोटाला लागायची, आणि सुई नेमकी बाजूने जायची. तोफ पेशंटसमोरच तोंड सोडायची, "हात आहे का पहार?" बरोबरची पोरं विशीतली, ती फिदीफिदी हसायची. पेशंटही एकमेकांना सांगायला लागले, तो चष्मेवाला आला की झोपेचं सोंग घ्या. सगळा वॉर्ड त्याच्या वाईटावर. सासऱ्याचं घर बरं, असं त्याला वाटायचं म्हणे.

त्यात सात नंबरचा म्हातारा. वय एकाहत्तर, एकटा, भेटायला कोणी नाही, आणि तोंड असं की सिस्टरसुद्धा लांबून औषध ठेवून जायच्या. मंगळवारी मास्तरने त्याला चार वेळा टोचलं होतं. चारही वेळा फुकट. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा. "मी काय तुझा फळा आहे का रे?" म्हातारा ओरडला होता. "परत माझ्या अंगाला हात लावलास तर बघ."

त्याचं नाव मला ठाऊक आहे. पण रात्रीचं मी ते घेणार नाही.

तर आता त्या दिवसाकडे येतो. मार्चची अठ्ठावीस तारीख, गुरुवार, पहाटेचे पावणेपाच. अमावास्या वगैरे काही नव्हती, उगाच तुमच्या अंगावर काटा आणायला मी ती घालणार नाही. सकाळी नऊला वह्या जमा करायच्या होत्या. मास्तरच्या नव्याण्णव शिरा झाल्या होत्या आणि चोवीस ईसीजी. पहाटेच्या फेरीला तो ट्रे घेऊन निघाला. हातात एकच कागद होता. खाट नंबर सात, रात्री छातीत दुखलं, ईसीजी आणि हृदयाची रक्ततपासणी. एका खाटेत दोन्ही आकडे पुरे होत होते. देव दयाळू आहे, असं त्याला वाटलं.

म्हातारा जागाच होता. भिंतीला टेकून बसलेला, कपाळावर घाम. मास्तरने हळूच विचारलं, "आजोबा, नाव सांगता का पूर्ण?"

"नाही सांगत."

"फक्त एकदाच टोचतो. शप्पथ."

"दुसऱ्याला पाठव. तू नको. तुझ्या हाताने मरायचं नाही मला."

आता अशा वेळी काय करायचं असतं? कागदावर 'नकार दिला' लिहायचं आणि सिस्टरला जाऊन सांगायचं. दुसरा कोणीतरी येतो, दोन मिनिटांत काम होतं. म्हातारा दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायला तयार होता, हे लक्षात ठेवा. पण मग तो आकडा दुसऱ्याच्या वहीत जातो. आणि नव्याण्णव म्हणजे शून्य.

मास्तर म्हणाला, "पाठवतो," आणि तिथून निघाला. पाठवलं कोणालाच नाही.

तो गेला ईसीजीच्या खोलीत, खाटेपाशी न्यायचं चाकांचं मशिन तिथेच असायचं. आतून दार लावलं. दंडाला रबरी पट्टा बांधला, टोक दातात धरून आवळला, आणि स्वतःच्या डाव्या हातात सुई घातली. सहा महिन्यांत पहिल्यांदा एका फटक्यात शीर लागली. नळी भरली, तिच्यावर सात नंबरची चिठ्ठी डकवली. मग सदरा काढून कोचावर आडवा झाला. हातापायांना चार चिमटे, छातीवर हवा ओढून चिकटणारे सहा रबरी फुगे. मशिनवर नाव टाकलं म्हाताऱ्याचं. वय टाकलं एकाहत्तर. बटण दाबून श्वास धरला. पट्टी आली, अगदी पुस्तकात छापतात तशी. चौतीस वर्षांच्या निरोगी माणसाची.

रात्रपाळीच्या डॉक्टरने ती उभ्याउभ्या बघितली. डोळे झोपेने तारवटलेले. "चांगली आहे की. पित्त असेल. राउंडला बघू."

मास्तर बाहेरच्या बाकावर बसला. मला त्याने नंतर सांगितलं, मामा, मी घड्याळाकडे बघत होतो, मनात नुसतं नऊ, नऊ, नऊ चाललं होतं.

पाच चाळीसला सात नंबरची घंटा वाजली. सिस्टर गेली. तिचा आवाज मास्तरला स्वच्छ ऐकू आला. "ईसीजी चांगला आलाय आजोबा. झोपा आता."

"कुठला ईसीजी?" म्हातारा म्हणाला. "कोणी काढला? कधी?"

"झोपेत काढला असेल. झोपा."

मास्तर उठला. हो, उठला. दारापर्यंत गेला. एक वाक्य बोलायचं होतं फक्त... आणि त्याला जिन्याखालची खोली दिसली. परत येऊन बसला.

पावणेसहाला पुन्हा घंटा. सिस्टर जागेवरून म्हणाली, "हो हो, येते." गेली नाही. पाच पन्नासला पुन्हा. बराच वेळ वाजली.

मग थांबली.

सुटलो, असं वाटलं मला, असं भाचा म्हणाला. माझ्यासमोर म्हणाला. माझा हात उठला होता त्याच्यावर, खोटं कशाला बोलू.

सहा वाजता तो ईसीजीच्या खोलीत गेला. फुग्यांना लागलेली जेली पुसायची राहिली होती, मागे खूण नको. दिवा लावला. पाठ दाराकडे. एक फुगा पुसला. दुसरा पुसला.

दाराचा आवाज आला नाही.

"पट्टी कुठेय?"

वळून बघतो तर म्हातारा उभा. दवाखान्याचा सदरा, नाड्या सुटलेल्या, छाती उघडी. अनवाणी. चेहऱ्यावर घाम नव्हता आता. कोरडा ठक्क.

"आजोबा, तुम्ही... उठलात कशाला..."

"पट्टी कुठेय माझी?"

"डॉक्टरांकडे."

"नाव कोणाचं आहे तिच्यावर?"

मास्तरने तिसरा फुगा पुसायला उचलला.

"कोणाचं आहे?"

"...तुमचं."

म्हातारा एक पाऊल पुढे आला. मास्तरच्या छातीवर बोट ठेवलं. सदऱ्याच्या वरून. तरी गार लागलं.

"मग हे कोणाचं?"

...

ओरडायचं होतं त्याला. तेवढ्यात म्हाताऱ्याने त्याला कोचावर निजवलं. ढकललं नाही. नुसता खांद्याला हात लावला, आणि मास्तर आडवा झाला. मग म्हाताऱ्याने चिमटे उचलले. लाल उजव्या हाताला. पिवळा डाव्या हाताला. हिरवा डाव्या पायाला. काळा उजव्या. एकही चुकला नाही. सावकाश. तो काळानिळा हात मास्तरच्या डोळ्यांसमोरून जात होता, येत होता.

फुगे. एक... दोन... सहा.

मग म्हातारा मशिनपाशी उभा राहिला. आणि अगदी आपल्यासारखं, शिकलेल्या माणसासारखं, आदराने विचारलं,

"नाव सांगा तुमचं. पूर्ण."

मास्तरने तोंड उघडलं. स्वतःचं नाव घ्यायला. आणि त्याच्या तोंडून नाव आलं...

म्हाताऱ्याचं.

"वय?"

"एकाहत्तर."

बटण दाबल्याचा आवाज. मशिन घरघरलं. कागद आला. म्हाताऱ्याने तो फाडला, घडी घातली, आपल्या उघड्या छातीवर धरला, आणि वरून सदऱ्याच्या नाड्या बांधल्या. एक, दोन, तीन. नीट गाठी मारून.

आणि गेला.

सहा वीसला वॉर्डात धावपळ झाली. मास्तर चिमटे उपटून धावला. सात नंबरला पडदे ओढलेले. सिस्टर कोणाला तरी सांगत होती, "मी चहा द्यायला गेले तर अंग गार. पाच पन्नासची घंटा शेवटची. त्यानंतर खाटेवरून हललासुद्धा नाही हो, मी समोरच बसले होते."

तुम्हाला वाटेल, आता तरी पठ्ठ्याने खरं सांगितलं असेल. नऊ वाजता तोफेने वही उघडली. शेवटचं पान बघितलं. "सात नंबर म्हणजे सकाळी गेला तोच ना?"

"हो."

"पट्टी सुरेख काढलीस. हात सुधारला तुझा." सही करताना ती सहा महिन्यांत पहिल्यांदा हसली. "वाईट वाटून घेऊ नकोस. आपलं काम आपण चोख केलं होतं."

ह्याने वही घेतली. थँक यू मॅडम म्हणाला.

मग सगळं मनासारखं झालं. दुसऱ्या गावात नोकरी मिळाली. दोन खोल्या मिळाल्या. सासऱ्याच्या घरचं पाणी सुटलं. पोर शाळेत पहिली यायला लागली. आणि हात? हात फुलासारखा हलका झाला. लहान बाळाची शीर सापडत नसली की मास्तरला बोलवा. माझी बहीण चारचौघांत लेकाचं कौतुक सांगायची, आणि मीही माना डोलवायचो, मला तरी कुठे माहीत होतं. एकच विचित्र गोष्ट होती. दिवसाला चाळीस लोकांचे ईसीजी काढायचा, पण स्वतःचा कधी काढू दिला नाही. कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी असली की रजा टाकायचा.

अकरा वर्षं अशी काढली त्याने.

परवाच्या मार्चमध्ये ड्यूटीवरच त्याच्या छातीत कळ आली. खाली बसला. नवीन शिकणारी एक मुलगी होती, तुमच्याएवढीच. तिने त्याला निजवलं, भराभरा चिमटे लावले. मशिन नवं कोरं, त्याच आठवड्यात खोक्यातून काढलेलं. पोरगी नियमाची पक्की. इतकी घाबरली होती तरी विचारलं तिने.

"सर, नाव सांगा. पूर्ण."

मास्तरने दात आवळले. ओठ घट्ट मिटले. रक्त आलं ओठातून, पण बोलला नाही. तिला वाटलं दुखतंय. तिने नावाची जागा मोकळी सोडली. वयाचीही. बटण दाबलं.

कागद बाहेर आला. तिने वाचला. "सर... हे कोण?"

जीव वाचला त्याचा. त्या रात्री मला फोन केला, ये म्हणाला. गेलो. बायकोला बाहेर पाठवलं, आणि वरपासून खालपर्यंत सगळं सांगितलं, जे आत्ता तुम्हाला सांगितलं ते. मग उशीखालून ती पट्टी काढून माझ्या हातात ठेवली. पट्टी तशी वाईट नव्हती. ठोके थोडे थकलेले होते.

वर नाव छापलेलं होतं. म्हाताऱ्याचं. पूर्ण नाव.

तेवढं असतं तर मी म्हटलं असतं, मशिनचा घोटाळा असेल, पोरीची चूक असेल. मास्तर पंचेचाळीसचा होता. म्हातारा गेला तेव्हा एकाहत्तरचा. नावाखाली वय होतं, ते मी चष्मा पुसून दोनदा वाचलं...

ब्याऐंशी.