थंड बॉयलरची शिटी

बॉयलर थंडगार, भट्टीत आठ महिन्यांची राख, आणि तरी सकाळी सहाला नांदुऱ्याच्या जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, शिटी वाजली. लागोपाठ तिसऱ्या दिवशी! कापसाच्या गाड्या फाटकाशी खोळंबल्या होत्या, पण आत पाऊल टाकायला कामावरची एकही बाई तयार नव्हती. पुंजाजी मिस्त्रीचं भूत आलं, असंच जो तो म्हणत होता.

पोलीस जमादार इंद्रभान निरोप मिळताच एका शिपायाला घेऊन आला. भुताखेतांना भीक घालणारा माणूस नव्हे. पण इंजिनघराच्या दारात त्याच्याही अंगावर काटा आला. फाल्गुनात इथंच बॉयलरची नळी फुटून पुंजाजी वाफेत भाजून मेला होता. मिस्त्री पिऊन झोपला, जादा वाफ सोडणाऱ्या सेफ्टी वाल्व्हकडे पाहिलं नाही, असा कागद मॅनेजर पंजाबरावांनी केला. मेलेला माणूस काय बोलणार?

ते इंजिन म्हातारंच झालं होतं. विलायतेतल्या कंपनीनं तसली इंजिनं घडवणं कधीच सोडलं होतं, सुटा भाग मागवला तर नकाराचं पत्र येई. शेवटी मालकांनी शेजारी तेलावर चालणारं नवं इंजिन बसवलं. जुनं बॉयलरसकट सोमवारी फोडायचं ठरलं, आणि सोमवारीच पहिली शिटी वाजली. आता घण उचलायला माणूस मिळेना. वर नवं इंजिनही रुसलं.

"पुंजाजीचा जीव अडकला याच्यात," पंजाबराव म्हणाले. "हे इंजिन फोडूच नका. मधात भिंत घाला अन् हा भाग बंद करा. अन् त्याच्या बाईले आज सांजेच्या आत चाळीतून काढा. तिच्या पायीच तो अथी घुटमळून राह्यला."

इंद्रभाननं नव्या ड्रायव्हरला, भगवानला, बाजूला घेतलं.

"नवं इंजिन काऊन चालत नाई बे?"

"हवा नाई, सायेब." भगवाननं पुरुषभर उंचीचा लोखंडी बाटला दाखवला. "सुरू कराले यातली दाबाची हवा लागते. सांजेले पुरा भरून घरी जातो, सकाळी काटा पाहा तं शून्य. हातपंपानं भरता भरता दुपार होते."

"इंजिनघराच्या किल्ल्या कोणापाशी?"

"एक माह्यापाशी, एक मॅनेजरसायबापाशी."

"राहता कुठं तुमी दोघं?"

"मी अथीच चाळीत. मिस्त्रीच्या हाताखालीच शिकलो. सायेब रेल्वे लाइनीच्या पल्याड."

इंद्रभान शिडीवरून शिटीपाशी चढला. सगळीकडे काजळी, फक्त शिटीखालच्या नळीचे आटे नुकते घासल्यासारखे चमकत होते. तो उतरून चाळीकडे निघाला.

चाळीत पुंजाजीची बायको रुखमाबाई गाठोडं बांधत होती. जायचं कुठं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"शिटी ऐकून भ्या नाई वाटलं, बाई?"

"भ्या कायचं? उठले, चूल पेटवली, अन् वाट पाहत बसले."

"कोणाची?"

"दुसऱ्या शिटीची." तिनं गाठोड्याची गाठ आवळली. "लांब शिटी कामगारायले. तिच्यामांगं मिस्त्री एक बारीक शिटी देत, चाळीपुरती. मले, च्या आण म्हून. बावीस वर्सं चुकले नाईत. तिन्ही दिवस वाट पाह्यली, सायेब. आलीच नाई." मग डोळे पुसून म्हणाली, "माळकरी होते ते. दारूले शिवत नव्हते. सोनाळ्याले लग्नाले गेलो, चार दिवसांनी आलो, अन् दुसऱ्याच दिवशी असं झालं."

 इंद्रभान तडक इंजिनघरात परतला.

"भगवान, सेफ्टी वाल्व्ह खोल."

"हात लावू नका!" पंजाबराव ओरडले. "मरसान!"

इंद्रभाननं स्वतःच घण उचलला. त्याच्या नि भगवानच्या जोरानं झाकण निघालं. आत स्प्रिंग नव्हतीच. तिच्या जागी पितळेचा भरीव तुकडा, गुटका, ठोकलेला होता.

"मॅनेजरसायेब, वाफ निघाले वाटच नव्हती. स्प्रिंग कुठं मिळेना, हंगाम थांबू नये, म्हून मिस्त्री सोनाळ्याले असतांनी तुमी हा ठोकला. मंग तो एकट्यानं निघेना. इंजिन फोडलं का गुटका सापडन, म्हून भूत उभं केलं अन् भिंत मांगतली. बाटल्याची हवा रबरी नळीनं शिटीत सोडली. आगीबिगर शिटी वाजली, अन् बाटला रिकामा झाला."

"किल्ली भगवानपाशीबी हाय!"

"हाय. पण त्यानं वाजवली असती तं बारीक शिटीबी दिली असती. चाळीतलं लेकरूही ती विसरणार नाई. लाइनीपल्याड लांब शिटीच तेवढी ऐकू जाते. नळी तुमच्या पेटीत पाहू, का आधीच सांगता?"

पंजाबरावांनी पेटीची किल्ली काढून जमादारापुढे ठेवली. "हंगामाचे आठच दिवस राह्यले होते," ते पुटपुटले.

"कागद दुसरा करा," इंद्रभान शिपायाला म्हणाला. "मिस्त्री दारू पेला नव्हता, हे पह्यलं लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवाननं जुनी शिटी नव्या इंजिनाच्या हवेला जोडली. एक लांब शिटी झाली आणि तिच्यामागून एक बारीक.

रुखमाबाईची चूल पेटलेलीच होती. ती चहाचा तांब्या घेऊन लगबगीनं निघाली आणि चार पावलांवर तिला आठवलं. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग डोळ्यांना पदर लावून इंजिनघराकडे चालू लागली. भगवानही पहाटेपासून उपाशीच होता.